हिरवी खूण कशाची ?

हिंगण्याहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. (हिंगणें म्हणतांच कर्व्यांची संस्था आठवणाऱ्यांस सांगितलें पाहिजे, कीं तें पुण्याचें, हें नागपूरशेजारचें तालुक्याचें गांव.) त्यांच्या सूनबाई घरूनच संगणकाचें काम करतात. रात्रीं पानें वाढलीं तरी 'हिरवी खूण आली कीं उठतें' म्हणून बसून राहतात. ही खूण कशाची, आणि तिच्यासाठीं घरानें ताटकळावें काय, असें भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. वानाडोंगरीस १९८४ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असल्यामुळें त्या बाजूच्या पुष्कळ घरांना तो पडत असेल.

आज कोड एकटा माणूस क्वचितच लिहितो. अनेक जण एका सामाईक भांडारांत लिहितात; जो तो आपल्यापाशीं प्रत घेऊन बदल करतो आणि मग तो मुळांत मिसळतो. अडचण होते ती मिसळतांना. एकत्र कुटुंबांत हें फोडून सांगावयास नको. थोरल्या जाऊबाईंनीं आमटींत मीठ घातलें, धाकटींनींहि घातलें. दोघींचेंहि प्रमाण बिनचूक, आमटी मात्र खारट.

आपल्या मराठीचेंच उदाहरण घ्या. 'आचार्यांना दक्षिणा द्या' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा द्या' यांत फरक एका र-काराचा. पण एका वाक्यानें पैसे गुरुजींकडे जातात, दुसऱ्यानें स्वयंपाक्याकडे. हा पापणीसारखा र पडद्यावर नीट उमटविण्याचें काम अक्षरें जुळविणाऱ्या प्रोग्रामचें. हार्फबझ नांवाचा असा प्रोग्राम अँड्रॉइड फोनांत, क्रोममध्यें व फायरफॉक्समध्यें आहे. कोणी दूरदेशच्या गृहस्थानें दुसऱ्याच लिपीसाठीं एक ओळ बदलली व तिनें आमचा र बिघडविला, तर त्याला तें कळावें कसें ? म्हणून त्या भांडारांत देवनागरीसह अनेक लिप्यांचे नमुने व त्यांचीं अपेक्षित रूपें नोंदून ठेविलीं आहेत. बदल आला कीं यंत्र आपण होऊन ते सारे पुन्हा जुळवून पाहतें. जमलें तर हिरवी खूण, नाहीं तर लाल.

व्यवस्था फारशी अवघड नाहीं. भांडारांतच एका लहानशा फाईलींत सूचना लिहावयाच्या : कोरें यंत्र घ्यावें, सामग्री भरावी, चाचण्या चालवाव्या. यंत्र कोरेंच हवें. 'माझ्याकडे तर चालतें' ही सबब तेथेंच संपते. हिरव्या खुणेवांचून मुख्य शाखेंत मिसळण्यास बंदी हवी. ती नसेल तर बाकी सारी शोभा! जेन्किन्स (२०११ पर्यंत याचें नांव हडसन होतें) किंवा २०१९ सालीं सर्वांस खुलें झालेलें गिटहब अ‍ॅक्शन्स हें काम करतें. आरंभीं सगळ्या कोडाच्या चाचण्या लिहीत बसूं नये. नुकताच जो दोष सांपडला, त्याचीच पहिली लिहावी. कारणावांचून कधीं हिरवी, कधीं लाल होणारी चाचणी मात्र तत्काळ सुधारावी, नाहीं तर काढावी. तिच्यामुळें लोक लाल खुणेकडे पाहीनासे होतात.

आतां ताटकळण्याविषयीं. तपासणी यंत्र करतें, सूनबाई नव्हेत. त्यांनीं खुशाल पानावर बसावें. लाल खूण आलीच तरी बदल मिसळलेला नसतो, दुसऱ्या कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. केंट बेक यांनीं यास दहा मिनिटांची मर्यादा सांगितली आहे. रोज तासभर लागत असेल, तर सूनबाईंनीं तें सहकाऱ्यांपुढें मांडावें.

हिरवी खूण म्हणजे निर्दोषपणाचें प्रमाणपत्र मात्र नव्हे. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा आरियान-५ अग्निबाण उडाल्यावर मिनिटाच्या आंत नष्ट झाला. आरियान-४ चा जुना प्रोग्राम त्यांत तसाच घेतला होता. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक, त्याचा आंकडा ठरलेल्या जागेंत मावला नाहीं. नव्या बाणाच्या मार्गाचे आंकडे घालून ती चाचणी कोणी घेतलीच नव्हती. यंत्र विचारलें तेवढेंच तपासतें. 'तऱ्हा' आणि 'कुऱ्हाड' हे शब्द नमुन्यांत असावेत, हें मराठी घरांत वाढलेल्या माणसालाच सुचणार.