कंबर दुखणाऱ्या बाईला आधी काय सांगाल?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागाचे अधिकारी, महाराष्ट्र राज्य,



माझी आई बीड जिल्ह्यातून वीस-बावीस वर्षं ऊसतोडीला गेली. मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकात चढवायची. कंबर धरली तेव्हा तिने आधी गल्लीतल्या पायाळू पोराचा पाय पाठीला लावून घेतला. उसण भरली की आमच्याकडे पहिला उपाय तोच. मग माळीश झालं, तापल्या विटेचा शेक झाला, बाजारच्या दिवशी सुई झाली. शेवटी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात एमआरआय काढला. डॉक्टर म्हणाले, “गादी सरकलीय, मणक्यात गॅप पडलाय. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.” सोबत पट्टा दिला. पुढची दोन वर्षं आई खाली बसून भाकरी थापायलासुद्धा घाबरत होती.

त्या डॉक्टरांनी एवढंच सांगायला हवं होतं की, असे फोटो न दुखणाऱ्यांचेही निघतात. कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसली होती.

आईने केलेलं सगळंच चुकलं, असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. दुखणं नीट समजावून सांगणं, व्यायाम, मनाला आधार देणारे उपचार, दाह कमी करणाऱ्या गोळ्या यांच्याबरोबर मसाजलाही त्यांत जागा आहे. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं मात्र नेहमीच्या उपचारांत नको, असं त्या सांगतात. आमच्याकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतो तो पट्टाच. व्यायाम शिकवणारं माणूस तालुक्यात शोधून सापडत नाही.

‘आराम करा’ हा सल्लाही आमच्यासाठी नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस कोपीत पडून राहिलं की खाडा, म्हणजे दंड लागतो. म्हणून बाई त्या दिवसापुरतं बरं वाटेल ते निवडते, म्हणजे गोळी किंवा सुई. याला निवड म्हणायचं का, हे आपणच ठरवा.

आमच्या जिल्ह्यात कंबरदुखी आणि अंगावरून पांढरं जाणं एवढ्या तक्रारीवर बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. 2019 साली सरकारनेच नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांची संख्या 13 हजारांच्या पुढे निघाली. त्यातल्या कितीजणींच्या कंबरेला आधी कुणी नीट हात लावून पाहिलं होतं?

आईच्या बाबतीत तसं पाहिलं ते एका सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी. त्यांनी तिला चालवलं, पायांची ताकद बघितली, लघवी-संडासवर ताबा आहे ना, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा नाही ना, ताप किंवा वजन उतरणं नाही ना, हे विचारलं. यातलं काही असतं तर लगेच मोठ्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. मणक्याचा क्षय आपल्याकडे अजून आहे. आईला यातलं काहीच नव्हतं. ताई म्हणाल्या, “मावशी, तुमचा मणका मजबूत आहे. दुखलं म्हणजे मोडलं असं नाही.” मग वाकायला शिकवलं. आई त्या दिवशी घरी येऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसली.

अशी ताई प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नेमा, आणि ठरलेल्या वारी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना भरती झालेल्यांच्या ऑपरेशनचा भार उचलते. भरती न होता घेतलेल्या व्यायामाच्या उपचारांचाही उचलावा. एमआरआयच्या अहवालात ‘या वयात असे बदल बऱ्याच निरोगी लोकांतही दिसतात’ ही ओळ मराठीत छापा. आणि धोक्याची लक्षणं लिहिलेलं एक कार्ड आशाताईंमार्फत निघणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाती द्या, कारण टोळ्या सहा-सहा महिने परजिल्ह्यात असतात आणि तिथला डॉक्टर दर वेळी नवा असतो.

आमच्या गावच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतील. यंदा त्यांत माझी धाकटी वहिनीही आहे, आणि आत्ताच तिची कंबर भरून येते.

आपली,
ऊसतोड कामगाराची मुलगी, एक शिक्षिका