शिपाई

‘शिपाई’ हा शब्द ‘सिपाह’ म्हणजे सैन्य, या फारसी शब्दापासून आला. त्याचा मूळ अर्थ सैनिक. पुढें कचेरींतील व शाळेंतील निरोप्यासही तेंच नांव मिळालें, आणि ‘नुसता शिपाई’ असें आपण सहज म्हणूं लागलों.

९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींतील सेनिओ नदीवर मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनीं गोळीबारांतून दोघां जखमी सोबत्यांस एकामागून एक पाण्यांतून पार नेलें व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांचा हुद्दा शिपाई. कामही निरोप पोंचविण्याचेंच!

शब्द हलका नव्हता; आपल्या जिभेनें तो हलका केला. मुलांनो, घंटा देणाऱ्या शिपायास यापुढें ‘अरे’ न म्हणतां ‘अहो’ म्हणा. पालकांनीं घरीं तोच कित्ता घालून द्यावा.