नदीत मासे सोडण्याआधी नदीला विचारा

पावसाळा आला की आमच्याकडे दोन बातम्या हमखास येतात. पहिली म्हणजे चढणीचे मासे पकडायला पऱ्यांवर उडालेली झुंबड. दुसरी म्हणजे अमुक ठिकाणी मान्यवरांच्या हस्ते मत्स्यबीज सोडण्यात आले. दुसऱ्या बातमीचा फोटो ठरलेला असतो. ऑक्सिजन भरलेली प्लास्टिकची पिशवी, तिला लागलेले पाच-सहा हात आणि सगळ्यांची नजर पाण्याकडे नाही, कॅमेऱ्याकडे.

असे फोटो मी वीसेक वर्षं छापतोय. एका कार्यक्रमात मी विचारलं, हे बीज कुठल्या नदीतल्या माशांचं? उत्तर मिळालं, "अहो पत्रकार, मासा तो मासा. पाण्यात सोडला की वाढणार." सगळे हसले, पुढे चहा झाला. पण "मासा तो मासा" हे खरं नाही. ते का खरं नाही, हे शोधण्यात आपल्याच महाराष्ट्रातल्या काही प्राणीशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं घालवली आहेत. आज त्यांच्याबद्दल लिहायचंय.

आधी आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी. या सगळ्या सह्याद्रीत उगम पावतात आणि आपापल्या वाटेने थेट समुद्राला मिळतात. वाटेत एकमेकींना भेटत नाहीत. आता काजळीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या, फक्त गोड्या पाण्यात जगणाऱ्या माशाला मुचकुंदीत जायचं असेल तर? मधे डोंगर, खाली खारं पाणी. म्हणजे तो जाऊ शकत नाही. हजारो वर्षं हेच चाललंय. प्रत्येक नदीतली माशांची वस्ती म्हणजे एक वेगळं गाव, आणि सोयरीक गावातल्या गावातच. अशाने त्यांची जनुकं हळूहळू वेगळी होत जातात. बाहेरून दोन मासे सारखे दिसतात, आतून ते वेगळे असतात. कधी इतके वेगळे की ती जातच निराळी निघते.

हे तपासायची रीत ऐकायला साधी आहे. मासा पकडायचा, पंखाचा छोटासा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मासा परत सोडायचा. तुकड्यातून डीएनए काढून नदीवार तुलना करायची. एकाच नदीतल्या वस्तीत किती विविधता उरली आहे, दोन नद्यांतल्या वस्त्या कधीपासून अलग आहेत, बाहेरचं बीज मिसळलंय का, हे त्यातून कळतं. याला म्हणतात पॉप्युलेशन जेनेटिक्स, म्हणजे वस्तीच्या जनुकांचा हिशोब. कष्ट आहेत ते नमुने जमवण्यात. दहा नद्या, प्रत्येक नदीतले कित्येक डोह, गुडघाभर चिखल.

पुण्याच्या आयसर संस्थेत अनेक वर्षं काम केलेले नीलेश डहाणूकर हे या क्षेत्रातलं महत्त्वाचं नाव. २००४ मध्ये त्यांनी रूपेश राऊत आणि अनुराधा भट यांच्यासोबत पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या माशांचा हिशोब मांडला. २८८ जाती, त्यातल्या ११८ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. २०१४ मध्ये उन्मेष काटवटे आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी पेथिया ल्युटिया या छोट्या माशाची नवी जात जगापुढे आणली. तो मासा कुठल्या जंगलातला नाही, आपल्या शेजारच्या रायगडमधल्या कुंडलिका नदीतला आहे. २०२० मध्ये केरळच्या जमिनीखालच्या पाण्यातल्या एका माशासाठी नवं कुळच मांडावं लागलं, त्या कामातही ते होते. नवी जात नव्हे, आख्खं नवं कुळ.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २०१८ चं काम, आणि त्याचा धागा लोणावळ्याला जातो.

महसीर, ज्याला आपल्याकडे काही भागांत खडस म्हणतात, तो नदीचा राजा. दख्खनमधल्या महसीरला कर्नल साइक्सने १८३९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं, आज ते टॉर खुद्री असं ओळखलं जातं. धरणांमुळे हा मासा कमी होऊ लागला तेव्हा टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ त्याची पैदास सुरू केली. काम चांगलं होतं, हेतूही चांगला. सत्तरच्या दशकापासून तिथली पिल्लं देशभर गेली. काही कर्नाटकात कावेरीत गेली.

कावेरीत आधीच दुसरा महसीर राहत होता. कुबड्या महसीर. ५० किलोच्या वर जाणारा, जगातल्या मोठ्या महसीरांपैकी एक. गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्या हौशी लोकांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. बाहेरून आलेल्या महसीरची संख्या वाढत गेलेली दिसली आणि कुबड्याची लहान पिल्लं नोंदींतून जवळजवळ नाहीशी झालेली. वाळूउपसा, धरणं, सुरुंग ही कारणंही होतीच. पण गंमत म्हणा की शोकांतिका, एवढ्या प्रसिद्ध माशाला तोवर पक्कं शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. आणि नाव नाही म्हटल्यावर धोक्याच्या यादीतही जागा नाही.

२०१८ मध्ये एड्रियन पिंडर, राजीव राघवन, डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी शरीराची मापं आणि डीएनए दोन्ही तपासून दाखवलं की हा मासा म्हणजे टॉर रेमादेवी. त्याच वर्षी त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. म्हणजे कागदावर नाव यायला आणि मासा संपत यायला एकच गाठ पडली. दुसरीकडे आपला टॉर खुद्री धोक्याच्या यादीतून बाहेर आला. एकाला वाचवलं, पण त्याला दुसऱ्याच्या घरात नेऊन सोडलं. त्या काळी कुणी नदीवार जनुकं तपासली नव्हती, म्हणून दोष कुणाला द्यायचा? पण आज तपासायचं साधन हातात असताना आपण तेच केलं, तर दोष आपलाच.

आता रत्नागिरीकडे या. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नद्यांमध्ये मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रम आहे. कटला, रोहू, मृगळ हे मुळात उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे, ते आपल्या धरणांत कधीच स्थिरावलेत. तिलापिया तर आफ्रिकेचा, १९५२ मध्ये भारतात आणला. शिवाय कोयनेचं पाणी. वर्षाला सुमारे ६७ टीएमसी पाणी वीज करून वाशिष्ठीत उतरतं. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी माणसाने डोंगर फोडून कोकणच्या नदीत आणलंय. पाण्याबरोबर आणखी काय जिवंत आलं आणि इथल्या माशांत मिसळलं, हे सांगू शकणारं शास्त्र हेच.

काही जण म्हणतील, मच्छीमार सोसायट्यांचं पोट धरणातल्या माशांवर आहे, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. बंदिस्त शेततळ्यात कटला वाढवा, कुणाची हरकत नाही. पण धरण भरलं की सांडव्यावरून तेच मासे खाली नदीत येतात. आणि वाहत्या नदीत मुद्दाम बीज सोडणं हा तर वेगळाच प्रकार. तिथे स्थानिक जातच हवी, तीही त्याच नदीतली. पैदास करताना नर-मादीच्या चार जोड्यांवर भागवलं तर सोडलेली हजारो पिल्लं म्हणजे सगळी भावंडंच. पुढच्या पिढीत रोगाची एक साथ आली की सगळी एकदम जाणार.

मग करायचं काय? तीन गोष्टी, आणि तिन्ही जिल्ह्यातच होण्यासारख्या.

एक. नदीत बीज सोडण्याआधी ते कुठून आलं, कुठल्या जातीचं, किती जोड्यांपासून तयार केलं, याचा कागद जाहीर करा. फोटोसोबत तो कागदही आम्हाला द्या, आम्ही छापू.

दोन. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही हवी. त्या नोंदवहीत झाडांची यादी असते, डोहातल्या माशांची किती ठिकाणी असते? आंबोलीला हिरण्यकेशीच्या कुंडातल्या छोट्याशा माशामुळे २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. एका बोटाएवढ्या माशाने जागा वाचवली!

तीन. माणसं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आपल्या दारात आहे. प्राणीशास्त्र शिकवणारी कॉलेजंही आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक नदीतल्या चार-पाच जातींच्या पंखांचे तुकडे जमवून ठेवणं हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचं काम आहे. पण एकदा जमवून भागत नाही, वीस वर्षं जमवावं लागतं. तासिका तत्त्वावर, पुढच्या जूनला नोकरी राहील की नाही याची धास्ती असलेल्या प्राध्यापकाकडून वीस वर्षांच्या कामाची अपेक्षा कशी करायची? बीएस्सी झूलॉजी केलेली आपली पोरं औषध कंपन्यांच्या बॅगा घेऊन फिरतात. त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याला नदीतलं कळतं त्याला नदीचं काम मिळू नये, हे नुकसान त्याचं कमी आणि आपलं जास्त आहे.

रस्ता खचला तर दिसतो, पूल पडला तर बातमी होते. डोहातली एक जात संपली तर कुणाला कळतही नाही, कारण तिथे दुसरे मासे पोहत असतातच.

तेव्हा एक करा. तुमच्या गावच्या डोहाचं, कोंडाचं नाव आणि त्यात पूर्वी मिळणाऱ्या माशांची नावं मला कळवा. शेंगटी, वाम, खडस, जे काही आजी-आजोबा सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत. कुठला मासा कधीपासून दिसेनासा झाला, तेही लिहा. यादी मी नदीवार लावतो आणि ज्यांचं हे काम आहे त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. पुढच्या पावसात पिशवी पुन्हा पाण्यात रिकामी होण्याआधी निदान नदीत कोण राहतं, एवढं तरी आपल्याला माहीत असू दे.