श्रवणाचे स्थान निर्मळ असावे

नवरात्राची सांगता जवळ आली की आपल्या मराठी घरांतून आयुधपूजेची लगबग सुरू होते. खंडेनवमीला शेतकरी विळे-कोयते घासून मांडतो, सुतार पटाशी आणि रंधा मांडतो, आणि आम्ही कीर्तनकार मंडळी वीणा, चिपळ्या, झांजा आणि पोथ्या मांडतो. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या मांडणीत आणखी एका वस्तूची भर पडली. ती म्हणजे ध्वनी ऐकण्याचे यंत्र : कुठे तबकडीचे, कुठे कॅसेटचे, तर कुठे नव्या धाटणीचे. त्या यंत्राविषयी आणि ते ज्या खोलीत ठेवतो त्या खोलीविषयी आज चार शब्द निवेदन करावेत, असे मनात आहे.

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला आहे. कीर्तन त्याच्या मागून येते. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभच श्रवणभक्तीने केला आहे. तेव्हा ज्या कोपऱ्यात बसून आपण भीमसेनजींची अभंगवाणी ऐकतो, तो कोपराही भक्तीचे स्थानच होय. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ या वर्षात गीतरामायणाची ५६ गीते प्रसारित झाली, तेव्हा घरोघरी रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, असे वडीलधारी मंडळी सांगत. तो भाव वंदनीयच होता. परंतु भाव शुद्ध असला म्हणजे कृती आपोआप योग्य ठरते असे नाही, हे मी स्वतःच्या हानीतून शिकलो.

माझे तीर्थरूप कीर्तनकार होते. १९८३ साली एका सप्ताहात झालेले त्यांचे काल्याचे कीर्तन मी कॅसेटवर मुद्रित केले होते. त्यांच्या निर्वाणानंतर दरवर्षी तिथीला घरातील सर्वजण ते ऐकत असू. यंत्र देवघरातच होते; समईच्या शेजारी, धूपपात्राच्या समोर. प्रत्येक खंडेनवमीला मी त्यावर हळदकुंकू वाहत असे, अक्षता टाकीत असे. २००६ साली तिथीच्या दिवशी वडिलांचा आवाज घोगरा झाला, मग दबला आणि अखेर फीत यंत्रात गुंतून चुरगळली. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने यंत्र उघडून दाखविले. आत काजळी, तूप आणि कुंकू यांचा चिकट लेप बसला होता आणि एक अक्षता चाकापाशी अडकली होती. तो नम्रपणे म्हणाला, “महाराज, हे आपल्या पूजेनेच झाले.” त्या कीर्तनाचा उत्तररंग पुन्हा कधीही ऐकावयास मिळाला नाही. दोष माझा होता.

धूळ एवढा अनर्थ का करते, हे समजून घेणे अवघड नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, त्या काळापासूनच्या जुन्या तबकड्या लाखेच्या आणि मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. १९४८ पासून जगात प्रचारात आलेल्या दीर्घ तबकड्यांची खाच तर माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास असते. त्या खाचेत धुळीचा कण बसला की सुई त्याला रगडीत जाते. प्रथम खरखर ऐकू येते, मग खाचच झिजते. कॅसेटची फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने हेडवरून सरकते. तिच्यावरचा चुंबकीय लेप एकदा खरवडला गेला की त्या जागेचा स्वर कायमचा गेला.

आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, मुळातच पर्जन्यछायेतला. आम्ही नेवाश्याला प्रवरेच्या काठी राहतो. तरी दसरा उलटला की कोरडा वारा सुटतो, उसाच्या गाड्यांनी रस्ते उधळतात आणि दारे-खिडक्यांच्या फटींतून बारीक माती घरात येते. पावसाळ्यात तबकड्यांच्या कागदी वेष्टनांना बुरशी धरते. पाऊस सरला की धूळ. म्हणून दसरा-दिवाळीची साफसफाई हाच या कामाचा उत्तम मुहूर्त.

माझे सांगणे थोडके आहे. समई, धूप आणि उदबत्ती देवापुढेच असावीत. यंत्र दुसऱ्या खोलीत असावे. एकच खोली असेल तर निदान समोरासमोरच्या भिंती असाव्यात आणि यंत्रावर झाकण असावे. तेलातुपाची काजळी स्निग्ध असते, ती धुळीला धरून ठेवते. खोली केरसुणीने झाडताच तबकडी काढू नये. उडालेली बारीक धूळ खाली बसावयास बराच वेळ लागतो. जमीन ओल्या फडक्याने पुसावी, पंखा बंद करावा, मग तबकडी कडेला धरून काढावी आणि मऊ कुंचल्याने खाचेच्या दिशेने गोल पुसावी. कोरड्या कापडाने खसाखसा घासल्यास तिच्यात विद्युतभार निर्माण होऊन ती उलट धूळ ओढते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. तबकड्या एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, उन्हात तर मुळीच ठेवू नयेत. कॅसेट डबीतच असावी आणि ध्वनिवर्धकाच्या चुंबकापासून दूर असावी.

कोणी म्हणेल, “महाराज, आता सारे मोबाईलमध्ये मिळते.” गाजलेल्या गायकांचे मिळते, हे खरे. परंतु आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचा हरिपाठ, वडिलांचा आवाज हे कोणत्या बाजारात मिळणार? त्यांची नवी प्रत अवश्य करून घ्यावी. मात्र ती करताना मूळ फीत निदान एकदा यंत्रावर चढवावी लागते, आणि त्या एका वेळी ती स्वच्छ असावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धूपदीप दूर सारणे हा अनादर नव्हे काय? अमरकोशाने धुळीला रेणू, धूली, पांसु आणि रज अशी नावे दिली आहेत. रज म्हणजे धूळ आणि रज म्हणजे चित्ताला चंचल करणारा गुणही. त्याच रजाला संतांच्या चरणी आपण मस्तकी धारण करतो. पंढरीच्या वाटेवर जी धूळ भूषण ठरते, तीच तबकडीच्या खाचेत दूषण ठरते. वस्तू पवित्र की अपवित्र हे तिच्या स्थानावर ठरते. कुंकवाचेही तसेच आहे. पतंजलींनी नियमांत पहिले नाव शौचाचे घेतले, ते उगाच नव्हे.

आणि हे शौच कोणी करावयाचे? घरातील माउलीवर हे आणखी एक काम टाकू नये. जो ऐकतो, त्यानेच पुसावे. गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. आधी झाडणे, मग ऐकविणे, हा त्यांचा क्रम. १९५६ साली, देह ठेवण्यापूर्वी थोडेच दिवस, वांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून त्यांची वाणी आजही आपल्या कानी पडते. ज्यांनी आयुष्यभर धूळ झाडली, त्यांचा आवाज आपण धुळीत जाऊ द्यावा काय?

म्हणून भाविकहो, यंदाच्या खंडेनवमीला यंत्रावर कुंकू वाहू नका. ते स्वच्छ करा, त्याला दुरून नमस्कार करा, एक फूल शेजारच्या पाटावर ठेवा. मी गेली काही वर्षे असेच करतो. वडिलांच्या त्या फितीतला पूर्वरंग तेवढा वाचला आहे. तिथीला तो ऐकून झाला की आम्ही यंत्र बंद करतो, आणि उत्तररंग मी उभा राहून, मला आठवतो तसा, स्वतः करतो.