रक्त काढण्याआधी वडिलांना विचारा

मुलगा पुण्यात नोकरीला, वडील दारव्ह्याजवळच्या गावात. वाढदिवसाला मुलगा वडिलांसाठी 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज घेतो. साखर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यांच्या रांगेत अहवालात पीएसए नावाचा एक आकडा येतो. वडिलांचे वय ७४, आकडा ६.२, शेजारी ठळक अक्षरांत 'जास्त'. वडिलांना कसलाही त्रास नसतो, पण त्या दिवसापासून घरात कुणाला झोप लागत नाही. कारण इंटरनेटवर पीएसए टाकले की पहिला शब्द येतो तो कॅन्सर.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. ते कॅन्सरने वाढते, तसेच वयानुसार ग्रंथी मोठी झाली तरी वाढते, लघवीच्या जंतुसंसर्गाने वाढते, लघवी अडकून नळी टाकली तरी वाढते. म्हणून लघवी तुंबून दाखल झालेल्या माणसाचे त्याच दिवशी पीएसए करणे म्हणजे पाऊस चालू असताना विहिरीची पातळी मोजणे. संसर्ग गेल्यावर, दीड महिना थांबून पुन्हा मोजावे. आकडा वाढलेल्या चार जणांपैकी साधारण तिघांना कॅन्सर नसतोच. उलट प्रोस्टेट लहान करणारी फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल, तर आकडा निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा देतो. डॉक्टरांना ती गोळी सांगितली पाहिजे.

मग ही तपासणी सरसकट करावी का? युरोपातील आठ देशांत एक लाख ६० हजारांहून अधिक पुरुषांवर याचा अभ्यास झाला. त्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे प्रोस्टेट कॅन्सरचा एक मृत्यू टळला. फायदा खरा आहे, पण तो मिळायला दोन दशके लागतात. पन्नाशी-साठीतल्या माणसाला त्याचा उपयोग होऊ शकतो. पंचाहत्तरीच्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र बहुधा फक्त बायोप्सीची सुई आणि काळजी येते. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये हेच सांगितले: ५५ ते ६९ या वयात चर्चा करून ज्याने-त्याने ठरवावे, सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. तंबाखू-खर्ऱ्याच्या या जिल्ह्यात तोंडाच्या तपासणीला अग्रक्रम मिळणे योग्यच आहे. तेव्हा पॅकेजमध्ये पीएसए फुकट टाकून देणे ही सेवा नव्हे. ज्याचे रक्त घ्यायचे, त्याला आधी विचारलेले नसते. हा आकडा वाढला तर पुढे काय करायचे, याचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याने तपासणी न करणेच बरे. वडील किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर कमी वयात झाला असेल, त्याची गोष्ट वेगळी; त्याने डॉक्टरांशी आधीच बोलावे.

मात्र हे सगळे त्रास नसलेल्या माणसाविषयी. जिल्ह्यात खरे नुकसान दुसऱ्याच टोकाला होते. पाठ दुखते, कंबर धरते, ते नांगरणी-फवारणीचे दुखणे समजून महिनोन्महिने मलम चोळले जाते. रात्री झोपेतून उठवणारे, विश्रांतीनेही न थांबणारे हाडाचे दुखणे, लघवीतून रक्त, विनाकारण घटणारे वजन ही लक्षणे असलेल्या साठीपुढच्या पुरुषाचे पीएसए करणे ही चाळणी नाही, निदान आहे, आणि ते टाळू नये. पायातली ताकद अचानक गेली, तर मणक्यात पसरलेला आजार मज्जारज्जू दाबत असू शकतो. तेव्हा बाजाराचा दिवस संपण्याचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लघवीची धार नुसती बारीक झाली असेल, तर बहुतेकदा ती ग्रंथी वाढल्याची खूण असते, कॅन्सरची नव्हे. तरी दाखवावी. बोटाने होणाऱ्या तपासणीची लाज इतकी, की माणसे वर्षानुवर्षे रात्री पाच वेळा उठतात, पण डॉक्टरांकडे जात नाहीत.

कॅन्सर निघालाच आणि तो ग्रंथीपुरता असेल, तर घरच्यांचा पहिला शब्द असतो 'काढून टाका'. इथे ब्रिटनमधील प्रोटेक्ट हा अभ्यास माहीत असावा. १,६४३ पुरुषांचे तीन गट केले: शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि फक्त लक्ष ठेवणे. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले शंभरात दोन-तीनच होते. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचे प्रमाण अधिक होते, शंभरात नऊ विरुद्ध पाच, आणि त्यांच्यातील सुमारे ६० टक्क्यांनी पुढे कधीतरी उपचार घेतले. शस्त्रक्रियेच्या गटात मात्र कित्येक वर्षांनीही चार-पाचांत एकाला लघवी गळते म्हणून पॅड वापरावे लागत होते. एस.टी.ने फिरणाऱ्या, दिवसभर शेतात राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय, हे त्यालाच विचारायला हवे. लैंगिक क्षमतेचे तर कुणी बोलतच नाही. साठीच्या माणसाला ते कशाला, असे मुले परस्पर ठरवून टाकतात.

लक्ष ठेवणे म्हणजे विसरून जाणे नव्हे. ठराविक महिन्यांनी पीएसए, गरजेनुसार एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी. रक्त तालुक्याला देता येते, बाकीसाठी बहुधा नागपूर. जो माणूस पुन्हा येणारच नाही, त्याला 'थांबून पाहू' सांगणे धोक्याचे, हे डॉक्टरांनीही ध्यानात घ्यावे.

प्रवासाचा हिशेब वैद्यकीय हिशेबाइतकाच खरा आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार बसतात. दीड महिन्याचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी बसत नाही. म्हणून किरणोपचाराच्या सिटिंग किती, हा प्रश्न जरूर विचारावा. २०१६ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात ३७ ऐवजी २० सिटिंगमध्ये दिलेला उपचार तितकाच परिणामकारक ठरला. उमरखेडच्या माणसाला नांदेड जवळ, वणीच्या माणसाला नागपूर; जिथे नातेवाइकाकडे राहता येईल, तिथली सोयही विचारात घ्यायला हरकत नाही. ग्रंथीपुरत्या, कमी जोखमीच्या आजारात दोन महिने इकडे-तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. डॉक्टरांना विचारून कापसाची वेचणी उरकून गेले तरी चालते.

आजार हाडांत पसरला असेल, तर पुरुष संप्रेरक बंद करणे हा पाया. ते दर तीन महिन्यांच्या इंजेक्शनने होते किंवा एकदाच लहान शस्त्रक्रिया करून अंडकोष काढल्याने. या कामात परिणाम सारखाच. शस्त्रक्रिया स्वस्त, पुन्हा तारखा नाहीत. तरी ती मनाला लागते, आणि तो विचार गावातल्या माणसाला नसतो असे समजण्याचे कारण नाही. बऱ्याच घरांत हा निर्णय फाइल हातात धरलेला मुलगा घेतो, वडील बाहेर बाकावर बसलेले असतात. डॉक्टरांनी पाच मिनिटे काढून त्यांना आत बोलवावे आणि त्यांच्याच भाषेत दोन्ही वाटा सांगाव्यात.