‘अवैध’ नेमके कोण? : एका दुर्लक्षित गद्याविषयी

निबंध, चरित्र, पत्र, अहवाल, बातमी अशी गद्यप्रकारांची गणना करीत आपण जाहिरातीपर्यंत येऊन पोहोचलो आहोत. मात्र रोज असंख्य माणसांना वाचावा लागणारा एक गद्यप्रकार या यादीत कोणी धरत नाही. तो म्हणजे संगणकाचा एरर मेसेज, अर्थात अनुवादातला ‘त्रुटी संदेश’. तो एक-दोन ओळींचा असतो, त्याला लेखकाचे नाव नसते आणि तो कोणी आवडीने वाचत नाही. पण यांपैकी एकही कारण त्याची समीक्षा न करण्याचे कारण होऊ शकत नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : हा संदेश एका माणसाने दुसऱ्या माणसासाठी लिहिलेला असतो, आणि तो दुर्बोध असेल तर ती लेखनातील हलगर्जी आहे. यंत्राच्या नावावर ती खपवू नये.

येथे आम्ही या प्रकारातील एकाच शाखेकडे पाहणार आहोत. वेबसाइटचा सर्व्हर असो की ग्रंथालयाची सूची, कोणत्याही मोठ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग बहुधा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेल्या असतात : पाने कोणत्या फोल्डरमधून द्यायची, उत्तराची किती वेळ वाट पाहायची, नोंदी कुठे ठेवायच्या. ही कॉन्फिगरेशन फाइल कोणीतरी हाताने लिहितो. तिच्यात एखादे मूल्य चुकले की सॉफ्टवेअर सुरू होण्याचे नाकारते आणि एक ओळ दाखवते. त्या क्षणी वाचकाच्या हाती तेवढी एकच संहिता असते.

तिचे काही नमुने वाचून पाहू. केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी लिहिलेला ‘एड’ हा मजकूर-संपादक चूक झाली की केवळ एक प्रश्नचिन्ह उमटवीत असे. मितभाषित्वाची ही परमावधीच! पण टेलिटाइपवर एकेक अक्षर कागदावर उमटायला वेळ लागे आणि वाचणारे मोजके जाणकार असत, एवढे समर्थन तरी तिला होते. लिनक्समधील क्रमांक २२ची त्रुटी आजही ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ एवढेच म्हणते. विंडोजमधील क्रमांक ८७ची त्रुटी ‘पॅरामीटर चुकीचे आहे’ असे सांगते. कोणते पॅरामीटर? कुठे दिलेले? कशाच्या दृष्टीने चुकीचे? ज्या ठिकाणी मूल्य नाकारले गेले तेथे हे सारे ठाऊक होते. पण सॉफ्टवेअरचा खालचा थर वरच्या थराला केवळ क्रमांक कळवतो आणि तपशील वाटेत गळतो. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ‘नामंजूर’ हा शेरा तेवढा सरकतो आणि कारण मागच्याच टेबलावर राहते, त्यातलाच हा प्रकार. माहीत असून न सांगणे याला संक्षेप म्हणत नाहीत.

याउलट ‘अपाची’ या वेब-सर्व्हरचा एक जुना संदेश पाहा. फाइलमध्ये अनोळखी शब्द आला तर तो फाइलचे नाव देतो, ओळीचा क्रमांक देतो, तो शब्द अवतरणचिन्हांत जसाच्या तसा दाखवतो आणि म्हणतो की, कदाचित स्पेलिंग चुकले असावे किंवा हा शब्द ज्या मॉड्यूलचा आहे ते मॉड्यूल सर्व्हरमध्ये घेतलेले नसावे. यातील ‘कदाचित’ लक्षात घेण्याजोगा आहे. दोन संभाव्य कारणे देऊन शोधाच्या दोन वाटा येथे मोकळ्या केल्या आहेत, आणि निवाडा वाचकावर सोपवला आहे. एका वाक्यात एवढे साधणाऱ्या लेखकाला आम्ही गद्यकार म्हणू.

आता ‘यॅमल’ या फार वापरात असलेल्या मांडणीकडे वळू. तिच्यात ओळीआधीची मोकळी जागा स्पेस देऊनच सोडावी लागते. टॅब चालत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच दिसतात. टॅब पडला तर पायथन भाषेतील प्रचलित लायब्ररी ओळ आणि जागा बिनचूक सांगते. पण पुढे म्हणते की, या चिन्हाने कोणतेही ‘टोकन’ सुरू होऊ शकत नाही. ‘टोकन’ ही लायब्ररी लिहिणाऱ्याची परिभाषा आहे, वाचणाऱ्याची नव्हे. ‘येथे टॅब आहे, त्याऐवजी स्पेस द्या’ एवढे पुरेसे होते. याच यॅमलच्या १.१ या आवृत्तीत इंग्रजी ‘नो’ हा शब्द नकारार्थी तार्किक मूल्य मानला जाई. त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेचे ‘एनओ’ हे दोन अक्षरी चिन्ह लिहिले की त्याचे ‘असत्य’ होई! २००९च्या १.२ आवृत्तीने हा नियम काढला, तरी अनेक लायब्रऱ्यांत तो टिकून राहिला. अशा वेळी ‘मजकूर हवा होता, तार्किक मूल्य मिळाले’ असा संदेश आला तर वाचकाने काय समजावे? त्याने तर देशाचे नाव लिहिले होते. म्हणून पहिला नियम असा हवा की, वाचकाने जे लिहिले तेच त्याला परत दाखवावे.

हे मराठीत आणताना आणखी एक अनर्थ होतो. ‘इनव्हॅलिड’साठी आपल्याकडे ‘अवैध’ हा शब्द रूढ केला गेला. परंतु मराठी माणूस हा शब्द कोठे वाचतो? अवैध बांधकाम, अवैध वाळू उपसा, अवैध दारू. तारखेचा रकाना भरताना दिवसाच्या जागी महिना लिहिणारी व्यक्ती क्षणात या पंक्तीत जाऊन बसते. दरडावणारे शब्द टाळून नेमके आणि पुढची वाट दाखवणारे लिहावे, असे बेन श्नायडरमन यांनी संगणकीय संदेशांविषयी १९८२ सालीच मांडले होते. अनुवादात आपण तो दरडावणीचा सूर उलट चढाच लावला. ‘हे मूल्य येथे चालत नाही’ हे साधे मराठी वाक्य कोणत्या कोशाच्या आड येत होते?

व्याकरणाचीही गोष्ट आहे. इंग्रजीत रिकाम्या जागेपुढे ‘सापडत नाही’ या अर्थाचे शब्द ठेवले आणि जागेत कोणतेही नाव भरले तरी वाक्य उभे राहते. मराठीत फाइल सापडली नाही, फोल्डर सापडला नाही, पान सापडले नाही. लिंग बदलले की क्रियापद बदलते, आणि प्रत्यय लागताच नामाचे सामान्यरूप होते. ‘रकाना’ला ‘रकान्यात’ व्हावे लागते. तुकडे जोडून वाक्य बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अनुवादक कितीही समर्थ असला तरी त्याच्या हाती तुकडेच येतात. दोष येथे मूळ रचनेत आहे. संदेश पूर्ण वाक्यात लिहिला जात नाही, तोवर तो कोणत्याही भाषेत धड उतरणार नाही.

यावर ठरलेले आक्षेप येतात. ‘वापरणाऱ्याने मॅन्युअल वाचावे.’ मान्य, पण मॅन्युअलचे कोणते पान उघडावे हे तरी संदेशाने सांगावे की नाही? ‘हे तज्ज्ञांसाठी आहे.’ तज्ज्ञालाही आपली चूक कोणत्या ओळीत आहे हे अंतर्ज्ञानाने कळत नाही. ‘अधिक सांगणे सुरक्षिततेला बाधक.’ लॉगिन करताना नाव चुकले की पासवर्ड, हे परक्याला सांगू नये, हे खरे; परंतु स्वतःच्या सर्व्हरची फाइल लिहिणारा परका नसतो. २०१३ साली एका संगणकशास्त्रीय परिषदेत सादर झालेल्या शोधनिबंधाचे शीर्षकच ‘चुकीच्या सेटिंगसाठी वापरणाऱ्यांना दोष देऊ नका’ या अर्थाचे होते. चुकीचे मूल्य मिळाल्यावर कोलमडणे, अडकून पडणे किंवा मुकाट भलतेच काही करणे हे सॉफ्टवेअरचेच वैगुण्य आहे, ही भूमिका आम्हाला पूर्ण मान्य आहे.

आणि हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. १९८६च्या मार्च महिन्यात टेक्सासमधील टायलर येथे ऑपरेटरने उपचाराचा प्रकार चुकीचा टंकला आणि लगेच दुरुस्त केला. ही त्वरित दुरुस्ती यंत्राच्या आतील मांडणीपर्यंत पोहोचलीच नाही. पडद्यावर आले : ‘मालफंक्शन ५४’. ऑपरेटरजवळच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ नव्हता. असे क्रमांक वारंवार उमटत असल्याने उपचार पुढे चालू करण्याची कळ दाबणे अंगवळणी पडले होते. ती दाबली गेली. पुढच्याच महिन्यात तेथेच तसेच पुन्हा घडले. दोन्ही रुग्ण दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरच्या रचनेत आणि काढून टाकलेल्या यांत्रिक सुरक्षा-अडसरांत होता, हे खरे. परंतु मात्रा प्रमाणाबाहेर गेली असण्याची शक्यता त्या क्रमांकाच्या अर्थात सामावलेली होती, आणि ती सांगणारे वाक्य कोणी लिहिले नव्हते.

मग चांगला संदेश कसा असतो? आम्हीच एक रचून दाखवतो : ‘सर्व्हरच्या फाइलमध्ये १४व्या ओळीत “प्रतीक्षा” या सेटिंगसाठी “३० मिनिटे” असे लिहिले आहे. येथे फक्त सेकंदांची संख्या चालते. ३० मिनिटांसाठी १८०० लिहा.’ कुठे, काय, का आणि आता काय करायचे, ही चारही उत्तरे यात आहेत. ‘प्रतीक्षा : अवैध मूल्य’ यापेक्षा शब्द जास्त झाले, हे कबूल, वाचणाऱ्याचे तास मात्र वाचले.

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकेत आपण अर्ज, इतिवृत्त, जाहिरात शिकवतो. त्यात दहा त्रुटी संदेश द्यावेत आणि विद्यार्थ्यांनी ते पुन्हा लिहावेत, एवढी आमची मागणी आहे. निवेदक कोण, वाचक कोण, कर्ता कोठे लपवला आहे, कोणती माहिती दडवली आहे, हे कथेबाबत विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना असतेच. तेच प्रश्न या दोन ओळींना विचारावेत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढावे, आणि मराठीच्या विभागांनी हे लेखन आपल्या कक्षेबाहेरचे आहे, असे म्हणणे सोडावे. अडलेल्या माणसाला पुढचे पाऊल न सांगणारे वाक्य कितीही शुद्ध लिहिलेले असो, नाकारायचेच झाले तर प्रथम ते नाकारले पाहिजे.