यकृताचा प्रत्येक विकार म्हणजे कावीळ नव्हे

रोगाला चुकीचे नाव दिले की उपचार चुकतो आणि त्याची किंमत रोग्याच्या घराला मोजावी लागते. यकृताच्या विकारांबाबत हे वारंवार घडते. नाशिक शहर असो वा पेठ-सुरगाण्याचे पाडे, उजव्या कुशीत दुखू लागले, अन्नावरची वासना उडाली, की ‘कावीळ झाली’ असे घरातच ठरते आणि झाडपाल्याचे औषध सुरू होते. विषाणूजन्य कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते; यश मात्र औषधाच्या पदरी पडते. त्याच विश्वासाने यकृतात गळू झालेला रोगीही तेथेच नेला जातो आणि मोलाचे दिवस वाया जातात.

वस्तुतः दोहोंत भेद आहे. विषाणूजन्य काविळीत डोळे व लघवी पिवळी होते आणि तोवर ताप बहुधा ओसरलेला असतो. गळवात ताप थंडी वाजून येत राहतो, उजव्या बरगड्यांखाली दाबताच कळ उठते, कधी ती खांद्यापर्यंत पोहोचते; डोळे मात्र बहुधा पिवळे होत नाहीत. सोनोग्राफीत गळू दिसते. ते अमीबामुळे झाले की जीवाणूंमुळे, की ती जंताची गाठ अथवा कर्करोग आहे, याचा निर्णय रक्ततपासणी व तज्ज्ञाची नजर यांवरच सोपवावा लागतो.

अमीबाजन्य गळू प्रामुख्याने ऐन उमेदीच्या पुरुषांत, म्हणजे घरातील मिळवत्या माणसांत आढळते. वेळीच निदान झाले तर मेट्रोनिडॅझोलसारख्या स्वस्त औषधाने बहुतेक रोगी बरे होतात. गळू पोटात वा छातीत फुटले तर मात्र शस्त्रक्रिया, बुडालेला रोजगार आणि कर्ज यांची मालिका सुरू होते.

प्रत्येकाची सोनोग्राफी शासनाला परवडेल काय, असा प्रश्न विचारला जाईल. प्रत्येकाची नकोच. ताप आणि उजव्या कुशीतील वेदना एकत्र दिसताच, डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता, प्राथमिक आरोग्य केंद्राने रोग्याला तपासणीसाठी पुढे पाठवावे, एवढा दंडक पुरेसा आहे. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे पीठ असलेल्या नाशिकने याबाबत पुढाकार घेणे उचित ठरेल.

अमीबा काय किंवा पाण्यातून पसरणारी कावीळ काय, दोहोंचे मूळ मैलामिश्रित पाण्यात आहे. नेहमीच्या क्लोरीनला अमीबाची कोशावस्था दाद देत नाही; पाणी उकळल्यास ती मरते. परंतु रोज पाणी उकळण्याइतके सरपण ज्या घरात नाही, त्या घराला शुद्ध पाणी पुरवणे हे अखेर शासनाचेच कर्तव्य आहे.